प्रथिनांची साक्ष कितपत ग्राह्य?

फुफ्फुसाच्या कर्करोगाचा रुग्ण किती काळ जगेल, याचा अंदाज बांधण्याचे सर्वांत भरवशाचे साधन आजही एक जुनी मोजपट्टीच आहे. गाठ केवढी आहे, लसिकाग्रंथींपर्यंत पोचली आहे का आणि दूरच्या अवयवांत पसरली आहे का, या तीन प्रश्नांवर उभी असलेली टीएनएम पद्धत फ्रेंच शल्यचिकित्सक पिएर दनुआ यांनी १९४० च्या दशकात मांडायला घेतली. तिच्या आठव्या आवृत्तीसाठी १६ देशांतल्या सुमारे ९५ हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्या नोंदींनुसार अगदी लहान, कुठेही न पसरलेली गाठ असलेल्या १०० पैकी ९२ जण पाच वर्षांनी हयात होते. दुसऱ्या टप्प्याच्या उत्तरार्धात हा आकडा ५३ वर येतो, तिसऱ्याच्या सुरुवातीला ३६ वर, आणि रोग दूर पसरल्यावर १० किंवा त्याहूनही खाली. दोन्ही टोकांना ही मोजपट्टी पुष्कळ सांगून जाते. अडचण मधल्या रुग्णांची आहे. शंभरातले ५३ जगतील आणि ४७ दगावतील एवढे कळले, तरी समोरचा माणूस त्यांतला कोणता, हे गाठीच्या आकारावरून कळत नाही आणि स्कॅनवरूनही नाही.

ही अडचण केवळ कुतूहलाची असती, तर तिच्यामागे एवढी मेहनत आणि पैसा गेला नसता. गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण काढल्यावर केमोथेरपी द्यायची का, हा निर्णय याच धूसरपणात घ्यावा लागतो. सिसप्लॅटिनवर आधारलेल्या केमोच्या पाच मोठ्या चाचण्यांतल्या ४,५८४ रुग्णांची माहिती २००८ मध्ये एकत्र मांडली गेली, तेव्हा पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांच्या प्रमाणात केमोमुळे ५.४ टक्क्यांची भर पडते असे दिसले. म्हणजे शंभर जणांना केमो दिली की जेमतेम पाच जण तिच्यामुळे वाचतात. उरलेल्यांपैकी काही जण शस्त्रक्रियेनेच बरे झालेले असतात आणि काही जणांना केमो देऊनही उपयोग होत नाही. उलट्या, मूत्रपिंडावरचा ताण, कानात गुणगुणणे, हातापायांच्या नसांना येणारा बधिरपणा हे मात्र सगळ्यांच्याच वाट्याला येऊ शकते. ते पाच जण आधी ओळखता आले तर? फुफ्फुसाच्या कर्करोगातल्या प्रथिन-मार्करांच्या, म्हणजे रोगाची पुढची वाटचाल सुचवणाऱ्या प्रथिनांच्या, शोधाला खरी धार या प्रश्नाने आणली.

प्रथिनांकडेच वळण्याचे कारण साधे आहे. जनुकात सूचना असते. पेशीत काम करतात ती प्रथिने. पेशीला वाढायला लावणारी, तुटलेला डीएनए जोडणारी, शेजारच्या ऊतींत शिरकाव करून देणारी, प्रतिकारशक्तीच्या पेशींना थोपवून धरणारी. तेव्हा गाठीचा स्वभाव ओळखायचा तर तिच्यातली प्रथिने पाहावीत, हे सयुक्तिकच. ती पाहण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे बायोप्सीत किंवा शस्त्रक्रियेत निघालेल्या तुकड्याचा पातळ काप काचेवर घेऊन त्यावर विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारी अँटीबॉडी सोडायची. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो आणि पॅथॉलॉजिस्ट तो किती पेशींत, किती गडद आहे हे सूक्ष्मदर्शकातून ठरवतो. या तपासणीला आयएचसी म्हणतात. दुसरा मार्ग रक्ताचा. १९६५ मध्ये माँट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी आतड्याच्या कर्करोगात शोधलेले सीईए हे प्रथिन पुढे फुफ्फुसाच्या रुग्णांतही मोजले जाऊ लागले. पेशींच्या अंतर्गत सांगाड्यातल्या सायटोकेराटिन १९ चा रक्तात उतरणारा तुकडा, म्हणजे सायफ्रा २१-१, आणि लहान पेशींच्या कर्करोगात वाढणारे एनएसई हीसुद्धा याच पठडीतली. यांच्या पातळ्या वाढलेल्या रुग्णांचे आयुर्मान गटागटाने पाहता कमी भरते, हे अनेकांनी दाखवले आहे. तरीही सीईए धूम्रपान करणाऱ्या निरोगी माणसांतही वाढलेले आढळते, आणि एकट्या या आकड्यावरून कोणी केमो देत नाही किंवा थांबवत नाही.

अशा शोधनिबंधांची संख्या मात्र अफाट आहे. कर्करोगातल्या भाकीत-मार्करांवरच्या दीड हजारांहून अधिक लेखांची झडती ग्रीसमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक लेखांनी ‘संबंध आढळला’ असाच निष्कर्ष दिला होता. जिथे जवळजवळ प्रत्येक प्रयोग यशस्वी ठरतो, तिथे यशाची व्याख्याच फार सैल असली पाहिजे. प्रथिनाचा आयुष्याशी संबंध सापडणे सोपे आहे. तो संबंध दुसऱ्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या हातून आणि दुसऱ्या रुग्णांत टिकणे अवघड. टिकल्यावर त्याने उपचाराचा निर्णय बदलणे आणि त्या बदलाने रुग्णाचे भले होणे त्याहून अवघड. माझ्या मते मार्करची किंमत या तिसऱ्या पायरीवरच करावी. पहिल्या पायरीवरच्या बातम्यांना वर्तमानपत्रांतून जे महत्त्व मिळते, ते त्यांना पेलणारे नसते.

पहिली आणि तिसरी पायरी यांत नेमका काय फरक आहे, हे पाहायला हवे. एखादे प्रथिन सांगते की रुग्णाचा रोग जात्याच आक्रमक आहे, उपचार कोणताही द्या. दुसरे सांगते की हा विशिष्ट उपचार या रुग्णाला लागू पडेल. पहिले भाकीत झाले, दुसरा सल्ला. दोन्ही गोष्टी एकाच आलेखातून निघत नाहीत. केमो घेतलेल्या रुग्णांतच एखादे प्रथिन पाहिले आणि ते असलेले रुग्ण जास्त जगले, तर त्याचे श्रेय केमोला द्यायचे की त्यांच्या मवाळ रोगाला? उत्तर हवे असेल, तर केमो न घेतलेल्यांचा गटही शेजारी हवा, आणि कोणाला केमो मिळावी हे चिठ्ठी टाकून ठरलेले हवे. ‘बीटा-ट्यूब्युलिन तीन’ या प्रथिनाबाबत हेच झाले. एका चाचणीत ते जास्त असलेल्यांना केमोचा अधिक फायदा होतो असे वाटले. अनेक चाचण्यांतले नमुने एकत्र करून पाहिल्यावर ते प्रथिन वाईट भवितव्याची खूण म्हणून टिकले. केमोचा फायदा कोणाला, या प्रश्नावर मात्र त्याने काहीच सांगितले नाही.

ईजीएफआर या प्रथिनाची गोष्ट याच्या उलट्या बाजूने बोलकी आहे. पेशीच्या पृष्ठभागावरचा हा ग्राहक वाढीचा निरोप आत पोचवतो. त्याला अडवणारी औषधे आली, तेव्हा ज्या गाठीत हे प्रथिन भरपूर, तिथे औषध चालेल असे मानून आयएचसीने त्याचे प्रमाण मोजले गेले. तर्क बिनचूक दिसत होता, पण रुग्ण निवडायला ते प्रमाण फारसे कामाला आले नाही. २००४ मध्ये कळले की महत्त्व प्रथिनाच्या संख्येला नसून जनुकातल्या बिघाडाने त्याच्या घडणीत झालेल्या बदलाला आहे. २००९ च्या आशियाई चाचणीत १,२१७ रुग्ण होते. बिघाड असलेल्यांत ईजीएफआरला अडवणाऱ्या गेफिटिनिबने रोग बळावण्याचा धोका केमोच्या तुलनेत निम्म्यावर आणला, आणि बिघाड नसलेल्यांत तोच धोका जवळजवळ तिपटीने वाढवला. सल्ला देणारा मार्कर कसा असतो, याचा हा नमुना. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने अशाच बिघाडाच्या ३५० रुग्णांवर केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गेफिटिनिबला केमोची जोड दिल्यावर रोग आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. मार्करने रुग्ण वेगळे काढले, म्हणूनच पुढचा प्रश्न इतका नेमका विचारता आला.

दुसऱ्या पायरीवर, म्हणजे एका ठिकाणचा निकाल दुसरीकडे टिकण्याच्या पायरीवर, काय घडू शकते याचे ईआरसीसी-१ इतके शिकवणारे उदाहरण दुसरे नाही. सिसप्लॅटिन कर्कपेशीच्या डीएनएला चिकटून त्यात गाठी मारते आणि त्यामुळे पेशी मरते. ईआरसीसी-१ हे प्रथिन आपल्या जोडीदाराबरोबर या गाठी कापून डीएनए दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेत काम करते. मग ज्या गाठीत हे प्रथिन मुबलक, तिथे सिसप्लॅटिन निष्प्रभ, आणि जिथे ते नाही तिथे परिणामकारक, असे अनुमान निघते. हे अनुमान २००६ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी आयएएलटी या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या नमुन्यांवर तपासले. अभ्यासाची रचना वाखाणण्यासारखी होती. ७६१ रुग्णांच्या गाठी होत्या आणि केमो मिळालेला व न मिळालेला असे चिठ्ठीने पाडलेले दोन्ही गट होते. ४४ टक्के गाठींत प्रथिन आढळले, ५६ टक्क्यांत नाही. प्रथिन नसलेल्यांत केमोने मृत्यूचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी केला. असलेल्यांत फायदा दिसला नाही. शिवाय केमो न घेतलेल्यांत ज्यांच्या गाठीत हे प्रथिन होते ते जास्त जगले. डीएनए नीट दुरुस्त करणारी गाठ जनुकीयदृष्ट्या कमी बेताल असते, असा त्याचाही अर्थ लावता येत होता. यंत्रणा समजलेली, रचना चोख, आकडे स्पष्ट. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निबंध आला आणि त्या पाच जणांना ओळखण्याची किल्ली सापडली असे वाटू लागले.

सात वर्षांनी, २०१३ मध्ये, त्याच नियतकालिकात त्याच गटाचा दुसरा निबंध आला. आणखी दोन चाचण्यांतल्या ४९४ रुग्णांच्या नमुन्यांवर त्यांनी आपलाच निष्कर्ष पडताळून पाहिला आणि तो टिकला नाही. कारण शोधताना त्यांनी मूळचे जुने नमुने पुन्हा रंगवले, त्याच ८-एफ-१ नावाच्या अँटीबॉडीने, फक्त नव्या खेपेतल्या. पहिल्या वेळी ४४ टक्के गाठी ‘आहे’ या सदरात गेल्या होत्या. या वेळी ७७ टक्के गेल्या. रुग्ण तेच, गाठी त्याच, बाटलीवरचे नाव तेच. बाजारातली पायलीच बदलावी तसे झाले होते. मग त्यांनी विकत मिळणाऱ्या १६ अँटीबॉडी तपासल्या. हे प्रथिन पेशीत चार रूपांत असते आणि डीएनए दुरुस्तीचे काम त्यांतले एकच रूप करते. सोळांपैकी एकीलाही ते एक रूप वेगळे ओळखता येत नव्हते. ८-एफ-१ तर दुसऱ्याच एका असंबद्ध प्रथिनालाही चिकटते, हे अन्य संशोधकांनीही दाखवले. म्हणजे काचेवरचा तपकिरी रंग कामसू प्रथिनाचा होता, त्याच्या निरुपयोगी भावंडांचा होता की तिसऱ्याच कोणाचा, हे सांगण्याची सोयच नव्हती. दरम्यान या मार्करवर भिस्त ठेवून ब्रिटनमध्ये सहाशेहून अधिक रुग्णांची मोठी चाचणी उभी राहिली होती. ईआरसीसी-१ पाहून उपचार निवडण्याने त्यातही काही साधले नाही.

या गोष्टीत लबाडी कुठेही नाही, हे मला तिच्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. कोणी आकडे बनवले नव्हते. संशोधकांनी आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाची तपासणी केली आणि तो कोसळल्याचे तितक्याच ठळकपणे छापून आणले. विज्ञानात हे धैर्य अजूनही दुर्मीळ आहे. पण म्हणूनच चिंता वाढते. इतक्या काळजीने केलेल्या कामाचे हे झाले, तर एका रुग्णालयातल्या ऐंशी-शंभर जुन्या नमुन्यांवर, केमो न घेतलेल्यांचा गट नसताना, कोणत्या तरी अँटीबॉडीने काढलेल्या निष्कर्षांचे काय?

त्यात आकडेशास्त्राची एक सोयीस्कर खोड मिसळते. प्रथिनाचे प्रमाण ही सलग बदलणारी गोष्ट असते. ‘जास्त’ आणि ‘कमी’ असे दोन गट पाडायला रेषा कुठे तरी ओढावी लागते. संगणकाला वेगवेगळ्या रेषा ओढून पाहायला लावले आणि ज्या रेषेवर दोन गटांचे आयुर्मान सर्वांत वेगळे दिसते तीच निवडली, तर कसलाही संबंध नसलेले प्रथिनही मार्कर भासू लागते. डग्लस ऑल्टमन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवले की या पद्धतीने खोटा संबंध ‘सिद्ध’ होण्याची शक्यता ठरलेल्या ५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या आसपास जाते. २००५ मध्ये मार्करविषयक निबंधांत काय काय सांगितलेच पाहिजे, याची ‘रिमार्क’ नावाची नियमावली आली. रेषा आधी ठरवली होती की नंतर, किती रुग्ण वगळले, टप्पा आणि वय यांचा हिशेब धरला का, हे त्यात विचारलेले असते. प्रश्न अगदी प्राथमिक आहेत. ते लिहून विचारावे लागले, यातच तोवरची स्थिती कळते.

आणखी एक सापळा कमी लोकांच्या लक्षात येतो. स्तनाच्या कर्करोगातल्या ४७ प्रसिद्ध जनुक-संचांची तुलना २०११ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी डोळे मिटून उचललेल्या तेवढ्याच मोठ्या जनुक-संचांशी केली. भाकीत करण्यात निम्म्याहून अधिक प्रसिद्ध संच त्या यादृच्छिक संचांपेक्षा सरस ठरले नाहीत. कारण असे की वेगाने विभागणाऱ्या पेशींत हजारो जनुके आणि प्रथिने एकदम वरखाली होतात. त्यांतले कोणतेही मोजले तरी विभाजनाचा तोच वेग आडवाटेने मोजला जातो. हा अभ्यास स्तनाच्या कर्करोगाचा असला, तरी धोका सगळीकडे तोच. फुफ्फुसाच्या गाठीतले एखादे नवे प्रथिन आयुष्याशी जोडले गेल्याची बातमी आली, तर ते कि-६७ सारख्या विभाजन मोजणाऱ्या जुन्या, स्वस्त प्रथिनापेक्षा वेगळे काही सांगते का, हे आधी विचारावे.

आता रक्ताकडे. इथे एक गमतीची, आणि थोडी नम्र करणारी, गोष्ट दिसते. २००३ मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया न होऊ शकणाऱ्या १६१ रुग्णांत दोन अतिशय साधी प्रथिने पाहिली. सीआरपी लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर एक गुण, अल्ब्युमिन लिटरला ३५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर एक गुण. शून्य, एक, दोन. एवढ्या हिशेबाने रुग्णांचे भवितव्य टप्प्याच्या जोडीने बऱ्यापैकी वेगळे काढता आले, आणि पुढे निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या कर्करोगांत हा ग्लासगो गुणांक पुन्हा पुन्हा टिकला. दोन्ही तपासण्या तालुक्याच्या प्रयोगशाळेतही होतात. यांतले एकही प्रथिन गाठ बनवत नाही. दोन्ही यकृत बनवते. शरीरात दाह पेटला की यकृत सीआरपी वाढवते आणि अल्ब्युमिन घटते. म्हणजे हा गुणांक गाठीची जात सांगत नाही; गाठीने माणसाचे काय केले आहे ते सांगतो, म्हणजे त्याची खंगत चाललेली काया, आटलेली भूक, गळालेले स्नायू.

हीच गोष्ट महागड्या वाटेने पुन्हा समोर आली. २००७ मध्ये मास स्पेक्ट्रोमेट्रीने रक्तद्रवातली आठ शिखरे वाचून रुग्णांना ‘चांगला’ आणि ‘वाईट’ अशा गटांत टाकणारी व्हेरिस्ट्रॅट ही चाचणी पुढे आली. ती शिखरे कोणत्या प्रथिनांची, हे तेव्हा ठाऊक नव्हते. नंतर उलगडले की त्यांत मोठा वाटा सीरम अमायलॉइड-ए चा आहे, म्हणजे पुन्हा यकृताने दाहाच्या वेळी सोडलेले प्रथिन, सीआरपीचेच सख्खे भावंड. मात्र या चाचणीच्या कर्त्यांनी एक गोष्ट फार चांगली केली. त्यांनी तिसरी पायरी टाळली नाही. इटलीत २८५ रुग्णांना चिठ्ठीने एर्लोटिनिब ही ईजीएफआरला अडवणारी गोळी किंवा केमो दिली गेली, आणि रक्तचाचणीचा गट आधीच नोंदवलेला होता. २०१४ मध्ये निकाल आला. ‘चांगल्या’ गटात दोन्ही उपचारांनी मध्यक आयुष्य ११ महिन्यांच्या आसपास राहिले. ‘वाईट’ गटात केमोवर ६.४ महिने आणि एर्लोटिनिबवर अवघे ३. मार्करने खरोखरच सल्ला दिला होता: या रुग्णांना ती गोळी देऊ नका. पण तोवर ईजीएफआर बिघाडाची तपासणी रूढ होत चालली होती आणि बिघाड नसलेल्यांना ती गोळी देण्याचे प्रयोजनच मावळत होते. लवकरच प्रतिकारशक्ती जागवणारी औषधेही आली. उत्तर बरोबर निघाले, तेव्हा प्रश्न जुना झाला होता.

यावर रास्त आक्षेप येईल की मग पीडी-एल१ चे काय? हे तर प्रथिनच आहे, आयएचसीनेच मोजतात, आणि आज बिघाड-विरहित प्रगत रोगात उपचार ठरवताना ते पाहिल्याशिवाय कर्करोगतज्ज्ञ पुढे जात नाहीत. आक्षेप मान्य आहे. पण हे प्रथिन तिथवर कसे पोचले ते पाहावे. कर्कपेशी पीडी-एल१ दाखवून प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना थोपवतात. पेम्ब्रोलिझुमाब हा अडसर काढते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या किनोट-०२४ चाचणीत निम्म्या किंवा अधिक कर्कपेशींत हे प्रथिन असलेले ३०५ रुग्णच घेतले गेले. रेषा, अँटीबॉडी आणि औषध ही तिन्ही आधीच एकमेकांना बांधलेली होती. पाच वर्षांनी पेम्ब्रोलिझुमाब गटात ३१.९ टक्के हयात होते आणि केमो गटात १६.३ टक्के, आणि तेही केमो गटातल्या अनेकांना नंतर तेच औषध मिळालेले असूनही. त्याच सुमाराच्या दुसऱ्या चाचणीत जवळच्याच जातीचे निव्होलुमाब दिले गेले. तिथे रेषा ५ टक्क्यांवर ओढली होती आणि केमोवर मात करता आली नाही. दोन्ही चाचण्यांत इतर फरकही होते, पण रेषेची जागा क्षुल्लक नाही एवढे त्यातून दिसते. अँटीबॉडीचा धडाही इथे वेळीच गिरवला गेला. वेगवेगळ्या कंपन्यांच्या चार पीडी-एल१ चाचण्या त्याच गाठींवर शेजारी शेजारी लावून पाहिल्या गेल्या आणि २०१७ मध्ये निकाल आला की तिघींचे बऱ्यापैकी जुळते. चौथी, एसपी-१४२, कमी पेशी रंगवते. ईआरसीसी-१ च्या बाबतीत जे सात वर्षांनी उमगले, ते इथे सुरुवातीलाच तपासले गेले. पीडी-एल१ हा अपवाद माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. तो तिन्ही पायऱ्या चढून आला आहे. एएलके या प्रथिनाची आयएचसीही तशीच: तपकिरी रंग उमटला की नेमके औषध ठरते.

तरीही हे विसरू नये की पीडी-एल१ भरपूर असलेल्या आणि योग्य औषध मिळालेल्या शंभरातले सुमारे ६८ जण पाच वर्षे पार करत नाहीत. सर्वोत्तम मार्करही गटाची सरासरी हलवतो. एका माणसाचा निकाल तो लिहून देत नाही.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाच्या बाजूने येतो. एक-एक प्रथिन पाहण्याचे दिवस संपले, आता हजारो प्रथिने एकदम मोजता येतात आणि त्यांतला आकृतिबंध संगणक शोधतो, तेव्हा जुन्या अपयशांवरून नव्याचे मोल का ठरवता? २०२० मध्ये अमेरिकेतल्या सीपीटॅक या प्रकल्पाने फुफ्फुसाच्या ११० अ‍ॅडेनोकार्सिनोमा गाठींतली दहा हजारांहून अधिक प्रथिने मोजली. रोगाची जीवशास्त्रीय घडण समजायला असे काम अमूल्य आहे, आणि मास स्पेक्ट्रोमेट्री अँटीबॉडीच्या लहरीवर अवलंबून नसते हा तिचा मोठा गुण. पण ११० रुग्ण आणि दहा हजार प्रथिने हे गुणोत्तर भाकितासाठी घातक आहे. चुकीची रेषा निवडण्याचा जो मोह एका प्रथिनात होता, तो इथे दहा हजार पटीने वाढतो. संगणकाला त्या ११० जणांचे भवितव्य तोंडपाठ करायला किती वेळ लागेल? एकशे अकराव्याबद्दल तो काय सांगतो, हा प्रश्न आहे. शिवाय गाठ सर्वत्र सारखी नसते. ब्रिटनच्या ट्रेसर-एक्स प्रकल्पात एकाच गाठीचे अनेक भाग तपासले, तेव्हा एका कोपऱ्यात जे आढळले ते दुसऱ्यात नव्हते, असे वारंवार दिसले. सुईने घेतलेला तुकडा ज्या कोपऱ्यातला, तिथली प्रथिने भाकीत करणार. या प्रकल्पातल्याच संशोधकांनी गाठभर सारखीच राहणारी जनुके निवडून भाकीत-संच बांधला, तो मार्ग मला आशादायक वाटतो. कारण त्यात आधी मापाची खात्री केली आहे आणि मग अंदाज.

तिसरा आक्षेप सर्वांत मानवी आहे आणि त्याला तुच्छ लेखता येणार नाही. उपचार बदलो न बदलो, आपल्याकडे किती वेळ आहे हे जाणून घेण्याचा रुग्णाला हक्क नाही का? मुलीचे लग्न, जमिनीची वाटणी, कर्ज काढून आणखी एक औषध घ्यायचे की नाही, हे सगळे त्या उत्तरावर अवलंबून असते. हक्क आहेच. म्हणूनच भाकीत कच्चे असेल तर ते अधिक धोक्याचे. औषध चुकले तर ते बदलता येते. ‘तीन महिने’ असे ऐकून ज्या घराने उपचार थांबवले, त्याला दुरुस्तीची संधी मिळत नाही. या कामासाठी टप्पा, वजनातली घट, रुग्ण दिवसाचा किती वेळ अंथरुणात काढतो आणि सीआरपी-अल्ब्युमिन या साध्या गोष्टी मिळून जे सांगतात, त्यापेक्षा महागडे पॅनेल अधिक काय सांगते, हे ते विकणाऱ्याने दाखवायला हवे. आणि डॉक्टरने आकडा दिलाच तर एक देऊ नये, पल्ला द्यावा: बहुतेक जण या काळापासून त्या काळापर्यंत, काही त्याच्याही पुढे.

भारतात या साध्या प्रथिनांनाही एक अट घालावी लागेल. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत, आणि क्षयातही सीआरपी चढते, अल्ब्युमिन उतरते, वजन घटते. फुफ्फुसाच्या कर्करोगाचे अनेक रुग्ण छातीच्या एक्स-रेवरून आधी क्षयाची औषधे घेऊन मग कर्करोगतज्ज्ञाकडे पोचतात, तोवर रोग तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात गेलेला असतो. गाठीने श्वासनलिका दाबली की तिच्या मागे न्यूमोनिया साचतो, आणि सीआरपी तर मुळात १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्याच रक्तात सापडलेले प्रथिन आहे. ग्लासगोत दोन गुण मिळालेला रुग्ण आणि मराठवाड्यातल्या जिल्हा रुग्णालयात दोन गुण मिळालेला रुग्ण यांच्या दोन गुणांमागची कारणे सारखीच असतील असे धरून चालता येणार नाही. त्यामुळे ती रेषा इथे जशीच्या तशी लावण्याआधी इथल्या रुग्णांत, थुंकीची क्षयतपासणी आणि जंतुसंसर्गाच्या नोंदीसह, शक्यतो संसर्ग आटोक्यात आल्यावर पुन्हा रक्त घेऊन, ती तपासावी लागेल. अशा अभ्यासाला नवे यंत्र लागत नाही. प्रत्येक रुग्णाचे पहिल्या दिवशीचे दोन आकडे, क्षय होता की नव्हता याची खूण, मिळालेला उपचार आणि मृत्यूची किंवा शेवटच्या भेटीची तारीख, एवढे सलग काही वर्षे न चुकता लिहून ठेवावे लागते. सर्वांत जास्त गळती शेवटच्या रकान्यात होते, कारण गावी परतलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले हे विचारायला फोन करणारे कोणी नेमलेले नसते.